अनोळखी पावलं

दुकानदाराने फरशी पुसायची दोन यंत्रं आठवडाभर वापरून बघायला दिली होती आणि आज त्यातलं एक परत करायचं होतं. गोल यंत्र झाडूनपुसून झटपट मोकळं व्हायचं. चौकोनी मात्र निळा उजेड टाकून पाऊल न् पाऊल ओळखायचं आणि विचारत बसायचं, "हे शर्वरीताईंचं पाऊल. पुसू का?"

"नसत्या चौकशा," शर्वरी नवऱ्याला म्हणाली. "हेच परत करू."

श्रीनिवास खोकं शोधत होता. तेवढ्यात आतल्या खोलीतून चौकोनी यंत्र बोललं. ती खोली आज पहिल्यांदाच त्याच्या वाट्याला आली होती.

"पलंगापासून खिडकीपर्यंत अनोळखी पावलं आहेत. उजवा पाय ओढत टाकलेला आहे. पुसू का?"

दोघंही धावले. त्या पलंगावर श्रीनिवासचे वडील, अण्णा, अर्धांगवायू झाल्यापासून पडून होते. निळ्या उजेडात फरशीवर पावलं चमकत होती. अण्णांनी चोरी पकडल्यासारखी मान खाली घातली.

"रोज दुपारी जातो खिडकीपर्यंत," ते म्हणाले. "म्हटलं, गौरी येतील त्या दिवशी एकदम बाहेर येऊन दाखवू."

"रोज?" श्रीनिवास म्हणाला. "आणि ते गोल रोज पुसून टाकत होतं."

शर्वरी रांगोळीचा डबा घेऊन आली आणि गौरीची काढतात तशी ती पावलं रेखू लागली. गोल यंत्र ओलं फडकं फिरवत दारात आलं, तसं श्रीनिवासने ते उचलून उताणं धरलं. त्याची चाकं हवेतच फिरत राहिली.

शर्वरी खिडकीपाशी थांबली.

"थांबू नकोस," अण्णा पलंगावरून पाय खाली सोडत म्हणाले. "पुढची दारापर्यंत काढ."