पेटी संपेपर्यंत

जहाजानं हाँगकाँगची हद्द ओलांडली, जुगाराच्या टेबलांवरची झाकणं निघाली, आणि क्वाय-लाननं पिशवीतून नवऱ्याचं राखाडी जाकीट काढून तीन नंबरच्या खुर्चीच्या पाठीला घातलं. खांदे नीट बसवले. मग वाकून, झोपलेल्याला उठवावं तसं एका खांद्यावर थोपटलं.

"अहो, उठा. घरी चला."

पाच नंबरवरचा जाड माणूस दचकला. तो शेजारीच होता, कारण चार नंबरची खुर्ची या जहाजावर नाही. चिनी भाषेत त्या आकड्याचा उच्चार 'मरण' या शब्दासारखा होतो.

"बाई! जुगाराच्या टेबलावर कुणाच्या खांद्याला हात लावतात का? नशीब झडतं माणसाचं."

"तुमच्या कुठं लावला?"

"मग कुणाच्या लावलात?"

क्वाय-लाननं जाकिटाकडे बोट दाखवलं. जाड माणसानं आपली खुर्ची वीतभर सरकवून घेतली.

तेवढ्यात टेबलांवर देखरेख करणारा त्सुई आला. महिन्यापूर्वी कंपनीतर्फे फळांची टोपली घेऊन तोच तिच्या घरी येऊन गेला होता. "यिपकाकू, काका आपल्याला सोडून..." त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज उतरवला. "काका लवकर उठले. जहाजावर आम्ही असंच म्हणतो."

"उठले असते तर मी कशाला आले असते? याच खुर्चीत गेले. तुम्ही मागच्या जिन्यानं उतरवलंत, गपचूप. पायरी आली, उंबरा आला, आता धक्क्यावर उतरतोय, असं कुणी सांगितलं त्यांना?"

त्सुईनं गळ्यातला टाय सारखा केला.

"मेलेल्या माणसाला सांगावं लागतं. नाहीतर त्याला कळणार कसं? देह तेवढा घरी आला. मी रोज कौल लावते, आलात का म्हणून विचारते. रोज 'नाही'."

'मेलेल्या' या शब्दाला दोघंजण टेबल सोडून गेले. जाड माणूस मात्र हरत होता. हरणारा जात नाही.

"काकू, तुमचं अगदी बरोबर आहे," त्सुई म्हणाला. "पण खुर्ची खेळणाऱ्यालाच मिळते. डाव लावल्याशिवाय बसता येत नाही."

"मी उभीच आहे की."

त्सुईनं जाकिटाकडे पाहिलं. "मी यांच्याबद्दल बोलतोय."

क्वाय-लानला ते पटलं. नियम तो नियम. शिवाय पत्ते वाटायची आठ कॅटांची पेटी संपेपर्यंत यिप कधी उठायचे नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मुलीच्या लग्नालासुद्धा ते पेटी संपवून आले होते. तेव्हा ही पेटी संपू द्यायची आणि मग हाक मारायची, असं तिनं ठरवलं आणि डावावर लावायची सगळ्यात लहान चकती विकत घेतली.

टेबलावर दोन चौकोन होते, एक बँकरचा, एक खेळाडूचा. ज्याच्या पत्त्यांची बेरीज नऊच्या जवळ, तो जिंकणार.

"अहो, कुठं ठेवू?"

वरून एसीचा झोत आला. जाकिटाची उजवी बाही हलली. बँकरच्या बाजूला.

तिनं चकती तिथं ठेवली. जाड माणसानं एकदा बाहीकडे, एकदा आपल्या उरलेल्या चकत्यांकडे पाहिलं आणि सगळ्याच्या सगळ्या तिथं सारल्या.

बँकर जिंकला.

पुढच्या डावाला बाहीभोवती सात माणसं जमली होती. क्वाय-लान बाही सारखी करायला गेली तर सगळे एकदम ओरडले, "हात नका लावू! त्यांना ठरवू द्या!"

बँकर पुन्हा जिंकला. मग बाही दुसऱ्या बाजूला हलली आणि खेळाडू जिंकला. मग पुन्हा खेळाडू.

"आता पत्ता काकूंनीच उघडायचा," जाड माणूस म्हणाला. आतापर्यंत ती त्याची काकू झाली होती. "एकदम उलटायचा नाही. कडेनं, हळूहळू वाकवायचा. यिपकाका असेच उघडायचे."

क्वाय-लाननं अंगठ्यांनी पत्त्याची कड दाबली. आधी पांढरं दिसलं. मग लाल ठिपक्याची नुसती टोकं. मागे कुणी फुंकर मारत होतं, कुणी पुटपुटत होतं. तिनं आणखी केसभर वाकवला. एवढ्याशा वेळात घर, देव्हारा, कौल, काही म्हणजे काही आठवलं नाही. पत्ता उलटल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण श्वास घ्यायला विसरलो होतो.

पेटी संपली. नवी आली. नवी पेटी सुरू झाल्यावर जायचं म्हणजे मध्येच उठणं झालंच की.

एसी फार गार होता. कधीतरी तिनं खुर्चीत बसून घेतलं, आणि मग कधीतरी जाकीट अंगात घातलं. बाही आता तिच्या हाताबरोबर हलत होती. लोक तरीही बाहीकडेच बघत होते.

सकाळी धक्क्यावर मुलगी ह्यू-तुंग काळी छत्री उघडून उभी होती. आत्म्याला ऊन लागू नये म्हणून. छत्री तिनं बाजूला, बाबांच्या उंचीला धरली होती. उतरणाऱ्यांत आई शेवटची आली. पायऱ्या भराभर उतरली. तोंडानं काहीच म्हणत नव्हती.

"आई, हाक मारलीस ना? पायरी सांगितलीस? आले ना बाबा?"

क्वाय-लान थबकली. तिनं मागे वळून शिडीकडे पाहिलं.

"ते मधूनच उठणारे आहेत का?" ती म्हणाली. "पेटी अर्धी राहिली. शनिवारी परत जायला हवं."

ह्यू-तुंग आईच्या अंगातल्या जाकिटाकडे बघत राहिली. उजवी बाही दोनदा दुमडलेली होती. जाकीट घातलं की बाबा नेहमी दुमडायचे तशी.

मग तिनं छत्री थोडी खाली घेतली आणि आईच्या डोक्यावर धरली.

"पायरी आहे," ती म्हणाली. "सांभाळून."