गरम बाजू, गार बाजू

नवऱ्यानं शॅमेलिऑन आणला, म्हणजे आपला रंग बदलणारा सरडा, आणि घरात त्याचे जावयासारखे लाड सुरू झाले. उबेचा दिवा वेगळा, हाडं मजबूत राहावीत म्हणून यूव्हीचा वेगळा. स्वतःचा चष्मा ज्याला सापडत नाही, तो माणूस दिव्यापासून फांदीपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजू लागला.

मेहुणा सरडा बघायला आला, तेव्हा तर नवऱ्याची स्वारी रंगात आली.

"दिवा पिंजऱ्याच्या एकाच टोकाला लावायचा. एक बाजू गरम, एक गार. कुठं बसायचं ते त्याचं तो ठरवतो. सगळीकडे एकच तापमान लादलं, तर बिचारा आजारी पडतो."

बायको शाल लपेटून ऐकत होती. लग्न झाल्यापासून बेडरूमचा एसी अठरावर आणि रिमोट नवऱ्याच्या उशीखाली. तिनं कुरकुर केली की एकच उत्तर, "अंगावर घे की काहीतरी."

दुसऱ्या दिवशी तो कामावरून आला, तर तिची गादी हॉलमध्ये, सरड्याच्या दिव्याला खेटून.

"हे काय? घर सोडायचा विचार आहे की काय?"

 

"छे हो. पिंजरा तोच आहे, बाजू तेवढी बदलली."