मुद्दल

“व्याज आणलंस?” भीमराजशेठने वहीतून मान वर न करताच विचारलं.

“नाही,” शेवंती म्हणाली. “मुद्दल आणलंय.”

शेठने मान वर केली. कोळशाच्या वखारीच्या दारात शेवंतीबरोबर भटवाडीतल्या पाच-सहा बायका उभ्या होत्या. पुढे होत्या चष्मेवाल्या मृणालिनीबाई, महिला पतपेढीच्या चिटणीस.

संपात नवऱ्याची, दशरथची, गिरणीतली नोकरी गेली, पाठोपाठ त्याच्या पोटाचं ऑपरेशन निघालं, तेव्हा शेवंतीने इथूनच आठशे रुपये उचलले होते. महिन्याला ऐंशी रुपये व्याज. तारण म्हणून रेशनकार्ड. गेल्या आठवड्यात ती ऐंशी रुपये मागायला पतपेढीत गेली, तर मृणालिनीबाईंनी साफ नाही म्हटलं. “व्याजाला एक पैसा मिळणार नाही. सगळं मिटवायचं असेल तर आठशे देते. महिना पन्नासनं फेड. पण पैसे द्यायला आम्ही बरोबर येणार.” शेवंतीला आधी रागच आला होता. चारचौघींत शोभा कशाला?

“मुद्दलाची एवढी काय घाई?” शेठ आता गोड हसला. “तू काय पळून जातेस?”

शेवंतीने मागे वळून बायकांकडे पाहिलं. पाठीवर त्यांच्यातल्या जानकीचा हात आला. “भियाव नको गो,” जानकी हळूच म्हणाली.

शेवंतीने कमरेची पिशवी सोडली आणि नोटा टेबलावर ठेवल्या. “मोजून घ्या, शेठ.”

“आणि या महिन्याचं व्याज?”

“दोन वर्षांत तिनं एकोणीसशे वीस भरलेत,” मृणालिनीबाई म्हणाल्या. “हवं तर पोलीस चौकीत बसून हिशेब करू. तुमचं सावकारीचं लायसन तेवढं बरोबर घ्या.”

शेठने नोटा मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या.

“आता पावती लिहा,” मृणालिनीबाई म्हणाल्या.

“पावती कसली, बाई? आमचा धंदा विश्वासावर चालतो.”

“मग तिचं रेशनकार्ड कशाला ठेवलंत?” जानकीने विचारलं. मागच्या बायका फस्सकन हसल्या.

शेठने पावती लिहिली. सही करताना पेन दोनदा अडलं. मग त्याने खणातून सुतळीने बांधलेला कार्डांचा गठ्ठा काढला. वीसेक तरी असतील. तो एकेक बाजूला करू लागला, तशी शेवंती पुढे वाकून नावं वाचू लागली. चौथीपर्यंतची शाळा आज उपयोगी पडत होती.

तिचं कार्ड निघालं. कोपरे कोळशाने काळे झालेले. तिने ते पदराने पुसलं, ब्लाउजमध्ये सरकवलं आणि तिची नजर खालच्या कार्डावर गेली.

कमलचं. भिंतीला भिंत लागून राहणारी कमल. वर्षभर दोघी एकाच दुकानातून चढ्या भावाने रॉकेल आणत होत्या. कार्ड कुठे आहे ते कमलने कधी सांगितलं नव्हतं. शेवंतीने तरी कुठे सांगितलं होतं?

शेठ गठ्ठा पुन्हा बांधायला लागला. शेवंतीने सुतळीवर बोट ठेवलं.

“हे वरच राहू दे, शेठ,” ती म्हणाली. “पुढच्या महिन्यात हिला घेऊन येतो आम्ही.”