परत आलेली फ्रेम

"काच तडकली."
"रंग फिका वाटतो."
"सासूबाईंना आवडली नाही."

घरसजावटीच्या कंपनीत परत आलेल्या मालाची ही कारणं मावशी रोज वाचायच्या. आधी पत्त्याचं लेबल सोलून कागद कापायच्या मशीनमध्ये टाकायचं, मगच खोका उघडायचा, हा नियम. फ्रेममध्ये नमुना म्हणून त्यांचा आणि लेकीचा, ती लहान असतानाचा फोटो असायचा; डिझायनरच्या मागे लागून त्यांनीच तो घ्यायला लावला होता.

आज एक फ्रेम धडधाकट परत आली. आत फोटो नव्हता.

"फ्रेम परत, आणि नमुन्याचा फोटो ठेवून घेतला? काय एकेक नग असतात, मावशी!" डिझायनर हसली.

मावशी मशीनची टोपली पालथी करून कागदाच्या पट्ट्या जुळवत बसल्या होत्या.



तीन वर्षांपूर्वी घर सोडताना लेकीनं एकही फोटो नेला नव्हता.