साहेबांची साखर

"अठ्ठेचाळीस," आबा म्हणाले आणि त्यांनी साखर मोजायचं मशीन टेबलावर ठेवलं. "परत खाली."

लेकीने हातातलं भांडं ओट्यावर तसंच टाकलं. मधाची बाटली उघडून बोटावर थेंबभर मध घेतला आणि साहेबांच्या हिरड्यांना चोळला.

साहेब म्हणजे बोका. पांढरा रंग, एका डोळ्याभोवती काळा डाग आणि घर आपल्याच नावावर असल्याचा थाट. एरवी असला आगाऊपणा त्यांनी खपवून घेतला नसता. आज ते टॉवेलवर मान टाकून पडले होते.

थोड्या वेळाने त्यांनी जबडा हलवला, मध चाटला आणि लेकीकडे रागाने पाहिलं. दोघांच्या जिवात जीव आला.

"आबा, सकाळी सुई किती वेळा दिली?"

"एकदाच."

"नक्की?"

पूर्वी कोणी असं विचारलं असतं, तर आबांनी घर डोक्यावर घेतलं असतं. सगळी नोकरी त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवली होती. दुसऱ्याचा चुकलेला स्वल्पविरामसुद्धा त्यांना जेवू द्यायचा नाही. बायको म्हणायची, यांनी आमच्या लग्नपत्रिकेतही चुका काढल्या, माझ्यात काढल्या यात काय नवल!

साहेबांना मधुमेह निघाला, तेव्हाही आबांनी काम तसंच अंगावर घेतलं. डावा कान कोमट रुमालाने शेकायचा, कडेला टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीला लावायचा. खाणं झालं की मानेजवळची कातडी चिमटीत धरून इन्सुलिनची सुई. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. सकाळची सुई झाली की साहेब न्हाणीघराच्या खिडकीतून फिरायला जात आणि दुपारी परत येत. सगळं सुरळीत चाललं होतं. डॉक्टर तर बाकीच्यांना आबांचं उदाहरण देत.

आणि मग दुपारचे आकडे एकाएकी घसरायला लागले. डॉक्टरांनी सुईतलं औषध कमी केलं, तरी आकडे खालीच. साहेब खायचेही अर्धवट, वजन मात्र जराही घटत नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "वडील विसरतात का हो हल्ली?"

पडद्यापलीकडे आबांनी ते ऐकलं. साखर फार उतरली तर मांजर हातचं जातं, हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी छापखान्यातली रीत काढली. तिथे एक जण मोठ्याने वाचायचा आणि दुसरा कागदावर नजर ठेवायचा. इथे दुसरा कोणी नव्हता, म्हणून सुई दिली की ते भिंतीकडे बघून मोठ्याने "दिली!" म्हणायचे. काही उपयोग झाला नाही. उलट एकदा उजव्या कानावर टोचल्याची ताजी खूण दिसली. उजव्या कानाला त्यांनी कधी हात लावला नव्हता. म्हणजे, त्यांना तसं वाटत होतं.

आज साहेब सावरल्यावर लेकीने डब्यातल्या वापरलेल्या सुया मोजल्या. हिशोब चोख निघाला.

"तीच सुई परत भरून दिली असेन," आबाच म्हणाले. "दुसरं काय असणार?"

लेक त्यांच्याशेजारी बसली. "साहेबांना माझ्या मैत्रिणीकडे ठेवू या. आणि तुम्ही माझ्याकडे चला. एकटं नको राहायला."

"म्हणजे घर बंद."

"मी तसं म्हटलं का?"

"नाही म्हटलंस. पण तेच ना?"

उद्या संध्याकाळी गाडी घेऊन येते, एवढंच लेक म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आबांनी सगळं जिवापाड सांभाळून केलं. कान शेकला. आकडा ठीक होता. खाणं झालं, सुई झाली. "दिली!" साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि खिडकीतून पसार झाले.

दुपार झाली तरी ते परतले नाहीत. वाटेत कुठे कोसळले असतील, या विचाराने आबांना घरात बसवेना. मधाची बाटली खिशात घालून ते बाहेर पडले. उभ्या गाड्यांखाली वाकून पाहिलं, जिन्यांखाली पाहिलं, हाका मारून घसा बसला. या वयात गाड्यांखाली काय शोधताय, असं लोक विचारत होते. आबांना लाजायला सवड नव्हती.

मागच्या रस्त्यावरचा किल्लीवाला म्हणाला, "पांढरा बोका ना, डोळ्यावर डागवाला? आत्ताच एक बाई टोपलीत घालून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेल्या."

हा दवाखाना त्यांचा नेहमीचा नव्हता. आबा धापा टाकत आत शिरले. टेबलावर साहेब बसले होते, मान ताठ, वाटीतलं काहीतरी चापत. आबांना इतकं हायसं वाटलं, की त्यांनी दाराची चौकट धरली. हाक मारायला तोंड उघडलं, पण समोर त्यांच्याच वयाची एक बाई पाठमोरी उभी राहून पदराने डोळे पुसत होती.

"याला माझ्यापासून लांब ठेवा, डॉक्टर," ती म्हणत होती. "मुलगा म्हणतो तेच खरं, माझं डोकं चालेनासं झालंय. मला वाटतं मी सुई एकदाच देते, पण नक्कीच दोनदा देत असणार."