पुठ्ठ्यातला सीताराम

संघमित्राने ओला टिपकागद उचलला आणि जुन्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याचा आतला पापुद्रा सुरीच्या टोकाने हळूच सोडवला. खाली छापील अक्षरं होती. तिने भिंग धरून पहिली ओळ वाचली आणि सुरी बाजूला ठेवली.

'तळें खोदलें तेव्हां टोपल्या आमच्या डोकीवर होत्या.'

ही ओळ तिला झोपेतून उठवून विचारली असती तरी तिने म्हटली असती. विक्रोळीच्या घरात तिचे वडील, भीमराज, दर जयंतीला ती म्हणत आले होते. त्यांच्या आजाने, सीतारामने, संस्थानच्या तळ्याचं पाणी आपल्या वस्तीलाही मिळावं म्हणून पत्रक लिहिलं. पाचशे प्रती छापल्या, आणि वाटायच्या आधीच दरबारच्या शिपायांनी पाचशेच्या पाचशे उचलून नेल्या. घरात उरली ती एवढी एक ओळ. पुढचं कुणालाच आठवेना. वस्तीतली पोरं हसायची, काका, पुरावा दाखवा म्हणायची. भीमराज आता अठ्ठ्याहत्तरचे झाले होते, आणि हल्ली तेच मधूनच विचारायचे, "आजानं खरंच छापलं होतं का गं, का आपलं उगीच?"

तर झालं होतं ते असं. जप्त केला म्हणून चांगला कागद फुकट घालवायचा होय! दरबारच्या बाइंडरने त्या पत्रकांचे थरावर थर चिकटवून जाड पुठ्ठे केले, आणि त्यात राजघराण्याचा इतिहास बांधला. वर लाल कातडं, त्यावर सोनेरी शिक्का, आणि पोटात सीताराम. नव्वद वर्षं. आता त्या घराण्याची सगळी जुनी पुस्तकं आणि चित्रं दुरुस्तीसाठी मरोळच्या एका गाळ्यात आली होती, आणि ओल लागलेलं हे पुस्तक नेमकं संघमित्राच्या टेबलावर.

इथे तिने एक चूक केली. नियम पाळला. दुरुस्तीत काही सापडलं तर आधी साहेबांना सांगायचं, तसं तिने श्रेयसला सांगितलं. गाळ्याचा प्रमुख तो. वयाने तिच्याहून लहान, मनाने चांगला, पण कुणाला नाही म्हणायची पाळी आली की तोंडचं पाणी पळायचं. त्याने तिच्यासमोरच घराण्याच्या मालकीणबाईंना, रुचिराराजेंना, फोन लावला. नवा पुठ्ठा घालू, आतले कागद वेगळे काढून ठेवू, निदान एक फोटो तरी घेऊ, असं त्याने तीन-तीनदा समजावून सांगितलं. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आवाज मोठा गोड होता.

"अहो, इतकी वर्षं आतच आहे ना ते? मग राहू दे की तिथंच. फोटोबिटो काही नको. आणि घट्ट बसवा हं, परत सुटायला नको."

श्रेयसने फोन ठेवला. माझ्या हातात काही नाही ताई, असं तो पुटपुटला, आणि पुस्तक न्यायला पाचला गाडी येतेय हेही सांगून टाकलं. जाताना पांढऱ्या गमची बाटली तिच्या टेबलावर ठेवून गेला.

संघमित्राच्या डोक्यात सणक गेली. न विचारताच कागद काढला असता तर? पण काढून ठेवणार कुठे? गाळ्याच्या काचा कायमच्या बंद, फोन दाराजवळच्या खणात, आणि बाहेर पडताना गार्ड जेवणाचा डबासुद्धा उघडून बघणार. अकरा वर्षांची नोकरी साहेबांच्या तोंडावर फेकून निघून जावं, असंही तिला वाटलं. मग तिची नजर त्या बाटलीवर गेली. आपण गेलो तर दुसरं कुणी बसेल या खुर्चीवर, आणि तो माणूस हीच बाटली उघडेल. हा गम एकदा धरला की कागद फाटेपर्यंत सोडत नाही. ती बसून राहिली.

वाचायला मात्र कुणी बंदी घातली नव्हती. तिने ते पान चार वेळा वाचलं, वरून खालपर्यंत, छापखान्याच्या नावासकट. मग उठून कपाटातलं पातेलं काढलं, मैदा चाळला आणि खळ शिजवायला ठेवली. वास आला तसा श्रेयस पुन्हा डोकावला. त्याने पातेलं पाहिलं, न उघडलेली बाटली पाहिली.

"त्या घट्ट म्हणाल्यात, ताई."

"बसेल घट्ट."

तो आपल्या टेबलाकडे परत गेला. संघमित्राने ब्रश बुडवला. सीतारामच्या अक्षरांवर खळीचा हात फिरवला, पापुद्रा पूर्वीसारखा बसवला आणि पुस्तक दाबायच्या शिकंज्यात घालून दांडा स्वतःच आवळला. सव्वापाचला ते गाडीत चढलं.

साडेसहाला गार्डने तिची पिशवी तपासली, डबा उघडून पाहिला आणि जायला सांगितलं. रस्त्यावर येऊन तिने घरी फोन लावला. जेवलीस का, या वडिलांच्या रोजच्या प्रश्नाला उत्तर न देता तिने दुसरी ओळ म्हटली.

"पाणी लागलें त्या दिवशीं आम्हांस कांठावरून उठविलें."

पलीकडून ती ओळ हळूच परत ऐकू आली. मग भीमराजनी विचारलं, खाली नाव आहे का. आहे, ती म्हणाली, सीताराम राघोजी, पूर्ण नाव. त्यांनी नाक ओढलं, आणि तो कागद आत्ताच्या आत्ता घरी घेऊन यायला सांगितलं. तिने मग सगळं सांगितलं. पुठ्ठा, फोन, पाचची गाडी.

"परत आत घातला? कुणी?"

"मी."

तिच्या बोटांवर खळ सुकून पांढरी झाली होती. ती नखाने खरवडत राहिली.

"खळीनं चिकटवलाय, बाबा," ती म्हणाली. "पाणी लागलं की सुटतो."