तळ्यावरचा पेला

"अवं पोरी, पानी तं पिऊन जाय!"

गंगूने मान हलवली आणि पायडल हाणलं. सीटवर बसून तिचे पाय पुरत नव्हते, म्हणून दांड्याखालून पाय घालून ती बापाची, पुंजाजीची, सायकल दामटत होती. बाप जिता असता तर हातही लावू दिला नसता. पहाटे तो गेला. इंझोरीत तिरडी बांधून झाली होती, आणि थोरला भाऊ माणिक इथे तळ्यावर होता. कारंज्याच्या शेठची जीप चालवायचा तो.

निघताना शेजारच्या चंपाबाईने बजावलं होतं, "ज्याचा सांगावा, त्याले सांगतल्याबिगर थेंब तोंडात घेऊ नोको." बजावायची गरज नव्हती. मरणाचा सांगावा नेणारा वाटेत पाणी पीत नाही, हे इंझोरीच्या पोराटोरांनाही ठाऊक होतं.

तळ्याकाठी सव्वीस जानेवारीच्या सुट्टीचा मुक्काम पडला होता. जीपा, मेटाडोर, ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर. गाड्यांना ताडपत्र्या बांधून तंबू केलेले. कुठे हुरडा भाजत होता, कुठे भोंगा गात होता. त्या सगळ्या धुरळ्यात सायकल एकच.

"बाजू व्हा रे, कलेक्टरीनबाईची गाडी आली!" एक मेटाडोरवाला ओरडला आणि हसत हसत तिच्या हँडलला कागदी झेंडा खोचून गेला. एका बाईने हुरडा पुढे केला. कुणी पाणी. गंगूने काही घेतलं नाही, आणि झेंडा काढलाही नाही. घसा सुकला होता, पण ती तहान दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी. रडूही तसंच. शेजारच्या घरात कुणीतरी रडतंय, एवढंच.

माणिक जीपच्या बॉनेटवर बसून डबा बडवत गात होता. सायकल दिसली आणि त्याचा हात तसाच राहिला.

"बाबाची सायकल?"

"हो."

माणिक खाली उतरला, माठातून मोठा पेला भरला आणि तिच्यापुढे धरला.

"पी," तो म्हणाला. ती हलली नाही. "गंगे, पी नं वं!"

गंगूने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग पेला घेतला आणि ओठाला लावला.

माणिक मटकन खाली बसला आणि मोठ्यानं हसला. "बाप्पा! मले वाटलं... जाऊ दे. बुढ्यानं सायकल देल्ली कशी वं तुले? झेंडा लावून आली, पाहा!"

सांगायचं तर होतंच. गंगू बारीक बारीक घोट घेत राहिली. पेला मोठा होता. तो रिकामा होईपर्यंत माणिकचा बाप जिता होता.